लाल शेपटीची विमाने आणि बॉम्बरची राखण : वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात दुसऱ्या महायुद्धातील हवाई लढायांवर जो लेख प्रसिद्ध झाला, त्यात अमेरिकेच्या ३३२व्या फायटर ग्रुपचा, म्हणजे लढाऊ विमानांच्या एका तुकडीचा, उल्लेख जेमतेम दोन वाक्यांत आला होता. कृष्णवर्णीय वैमानिकांचा हा ग्रुप १९४४-४५ मध्ये इटलीतून उडत असे आणि शत्रूच्या प्रदेशात खोलवर जाणाऱ्या अवजड बॉम्बरना संरक्षण देत असे, एवढेच तेथे म्हटले होते. त्या दोन वाक्यांवर मुंबईतील वाचकांकडून बरीच पत्रे आली. त्यांतील निवडक प्रश्नांना येथे उत्तरे देत आहोत.

प्रश्न : स. न. वि. वि. या ग्रुपने आपल्या संरक्षणाखालील एकही बॉम्बर शत्रूच्या विमानांना बळी पडू दिला नाही, असे मी आजवर अनेक ठिकाणी वाचले आहे. आपल्या लेखात मात्र हे वाक्य दिसले नाही. ते अनवधानाने राहिले, की मुद्दाम गाळले? (एक वाचक, दादर)

उत्तर : मुद्दाम गाळले, कारण ते खरे नाही. मात्र ते खरे नाही एवढे सांगून थांबणे या वैमानिकांवर अन्याय करणारे ठरेल, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

‘शिकागो डिफेंडर’ हे कृष्णवर्णीय अमेरिकनांचे एक प्रमुख वृत्तपत्र होते. या ग्रुपने दोनशे मोहिमांत एकही बॉम्बर गमावला नाही, अशा आशयाची बातमी त्याच्या २४ मार्च १९४५ च्या अंकात आली. युद्धानंतर हे विधान भाषणांतून, पुस्तकांतून आणि स्मारकांवरून इतक्या वेळा सांगितले गेले, की ते तपासून पाहावे असे जवळजवळ साठ वर्षे कोणाला वाटले नाही. २००६ च्या सुमारास काही अभ्यासकांनी शंका उपस्थित केली आणि अमेरिकी वायुदलाच्या इतिहास संशोधन संस्थेतील डॅनियल हॉलमन यांनी मूळ कागदपत्रे एकमेकांशी ताडून पाहण्याचे किचकट काम हाती घेतले. युद्धकाळात विमान परतले नाही, तर त्याचा स्वतंत्र अहवाल भरला जात असे. विमान शेवटचे कोठे आणि किती वाजता दिसले, ते तोफांनी पाडले की शत्रूच्या विमानांनी, हे सोबतच्या विमानांतील साक्षीदारांच्या जबान्यांसह त्यात नोंदवलेले असे. दुसरीकडे, कोणत्या दिवशी कोणत्या फायटर ग्रुपने कोणत्या बॉम्बरना कोणत्या वेळी सोबत केली, याची नोंद रोजच्या मोहीम-अहवालांत होती. या दोन्ही नोंदी शेजारी ठेवल्यावर असे दिसून आले, की जून १९४४ ते एप्रिल १९४५ या काळात ३३२व्या ग्रुपने बॉम्बर-संरक्षणाच्या १७९ मोहिमा केल्या आणि त्यांत त्यांच्या संरक्षणाखालील किमान २७ बॉम्बर शत्रूच्या विमानांनी पाडले. विमानवेधी तोफांनी पाडलेले बॉम्बर या आकड्यात धरलेले नाहीत, कारण तोफांच्या गोळ्यांपासून वाचवणे कोणत्याही लढाऊ विमानाच्या हाती नव्हते.

या २७ पैकी निम्म्याहून अधिक बॉम्बर एकाच दिवशी गेले. १८ जुलै १९४४ रोजी दक्षिण जर्मनीतील मेमिंगेन विमानतळावर हल्ला करायचा होता. खराब हवामानामुळे बॉम्बरची मांडणी विस्कळीत झाली, ४८३वा बॉम्ब ग्रुप इतरांपासून सुटून एकटाच पुढे गेला आणि जर्मन विमानांच्या मोठ्या जमावाने त्याला गाठले. त्याच दिवशी ३३२व्या ग्रुपचे वैमानिकही निकराने लढले आणि क्लॅरेन्स लेस्टर या वैमानिकाने एकट्याने तीन जर्मन विमाने पाडली, तरीही त्या बॉम्बरना वाचवता आले नाही.

आता आकड्याची दुसरी बाजू पाहा. हा ग्रुप अमेरिकेच्या ज्या पंधराव्या वायुसेनेत होता, तीत बॉम्बरना सोबत करणारे एकूण सात फायटर ग्रुप होते. ३३२वा वगळता इतर ग्रुपांच्या संरक्षणाखाली शत्रूच्या विमानांनी पाडलेल्या बॉम्बरची सरासरी काढली, तर ती प्रत्येकी ४६ इतकी येते. म्हणजे जे बॉम्बर या ग्रुपच्या छायेखाली उडाले, त्यांचे नुकसान सरासरीच्या मानाने बरेच कमी झाले. माझ्या मते हा तपासून घेतलेला आकडा त्या दंतकथेपेक्षा कितीतरी मोलाचा आहे. एकही बॉम्बर न गमावणे हा चमत्कार झाला असता आणि चमत्कारावर शंका घेणे सोपे असते. २७ आणि ४६ यांमधील फरक मात्र ज्यांनी घडवला, त्यांच्याबद्दल त्यांच्याच सैन्याने काय म्हटले होते, हे लक्षात घेतले म्हणजे त्याची खरी किंमत कळते. अमेरिकेच्या आर्मी वॉर कॉलेजच्या १९२५ च्या एका अहवालात कृष्णवर्णीय माणूस धैर्यात आणि बुद्धीत कमी पडतो, असे सरळ लिहिले होते आणि त्या मताची छाया पुढे पंधरा-वीस वर्षे भरतीच्या धोरणावर राहिली. १९४१ मध्ये अलाबामातील टस्कीगी येथे प्रशिक्षण सुरू झाले, तेही संपूर्णपणे वेगळे ठेवून. तेथून ७ मार्च १९४२ रोजी जे पहिले पाच वैमानिक बाहेर पडले, त्यांत पुढे या ग्रुपचे नेतृत्व करणारे बेंजामिन डेव्हिस होते. वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत चार वर्षे सहाध्यायांनी कामापुरते सोडून एक शब्दही न बोलता ज्यांना वाळीत टाकले होते आणि तरीही १९३६ मध्ये २७६ जणांत ३५वा क्रमांक मिळवून जे बाहेर पडले, तेच हे डेव्हिस.

प्रत्यक्ष युद्धात उतरल्यावरही संशय संपला नाही. टस्कीगीच्या वैमानिकांची पहिली तुकडी, म्हणजे डेव्हिस यांच्या नेतृत्वाखालील आणि पुढे ३३२व्या ग्रुपमध्ये सामील झालेली ९९वी स्क्वॉड्रन, जून १९४३ मध्ये लढू लागली. २ जुलैला चार्ल्स हॉल यांनी सिसिलीवर बॉम्बरना सोबत करताना पहिले जर्मन विमान पाडले. तरीही काही महिन्यांतच वरिष्ठ अधिकाऱ्यांचा एक अहवाल वॉशिंग्टनला गेला, की या स्क्वॉड्रनमध्ये आक्रमकता नाही आणि तिला आघाडीवरून काढून किनाऱ्याच्या गस्तीवर लावावे. डेव्हिस यांना स्वतः समितीपुढे उभे राहून उत्तर द्यावे लागले आणि त्यानंतर झालेल्या पाहणीत ही स्क्वॉड्रन त्याच प्रकारची विमाने उडवणाऱ्या इतर स्क्वॉड्रनच्या बरोबरीची असल्याचे आढळले. पुढच्याच जानेवारीत आंझिओच्या किनाऱ्यावर दोन दिवसांत तिने डझनभर जर्मन विमाने पाडली.

प्रश्न : लढाऊ विमान वेगवान आणि बॉम्बर संथ, असे असताना पाच-सहा तास दोघे बरोबर कसे राहत असत? शिवाय एका इंजिनाच्या छोट्या विमानात एवढे पेट्रोल मावत तरी कसे असे? (एक निवृत्त अभियंता, मुलुंड)

उत्तर : प्रश्न अगदी वर्मावर बोट ठेवणारा आहे, कारण १९४३ साली अमेरिकी बॉम्बरचे जे भयंकर नुकसान झाले, त्याचे मूळ या दुसऱ्या प्रश्नातच होते. त्या वेळची लढाऊ विमाने जर्मनीच्या सीमेजवळ पोचली की पेट्रोल संपत आल्यामुळे त्यांना माघारी फिरावे लागे आणि जर्मन वैमानिक नेमकी तीच वेळ साधत. १४ ऑक्टोबर १९४३ रोजी श्वाइनफुर्टच्या बॉल-बेअरिंग कारखान्यांवर गेलेल्या २९१ बॉम्बरपैकी ६० परतलेच नाहीत. प्रत्येक बॉम्बरमध्ये दहा माणसे असत, हे लक्षात घेतले म्हणजे एका दुपारची हानी किती मोठी होती, याचा अंदाज येतो.

यावर तोडगा ठरले ते पी-५१ मस्टँग. ब्रिटिश रोल्स-रॉइस मर्लिन इंजिन अमेरिकेत पॅकार्ड कंपनीने बनवले आणि ते या हवा सहज कापणाऱ्या विमानात बसवले, तेव्हा कमी पेट्रोलमध्ये उंचावरून लांब जाणारे लढाऊ विमान तयार झाले. त्याच्या दोन्ही पंखांत मिळून १८४ आणि वैमानिकाच्या आसनामागे ८५, अशा आतल्या टाक्यांत एकूण २६९ अमेरिकी गॅलन, म्हणजे सुमारे १,००० लिटर पेट्रोल मावत असे. त्याखेरीज पंखांखाली दोन सुट्या टाक्या लटकवलेल्या असत. मात्र हे पेट्रोल कोणत्या क्रमाने वापरायचे, हा वैमानिकाच्या जिवाचा प्रश्न असे. आसनामागची टाकी भरलेली असताना विमान शेपटीकडे जड होई आणि तीव्र वळण घेताना ताब्यातून सुटू शकत असे, म्हणून ती शक्यतो आधी उपसून घेत. नंतर सुट्या टाक्यांतील पेट्रोल आलटून पालटून वापरायचे, म्हणजे एक पंख दुसऱ्यापेक्षा फार जड होत नाही. शत्रू दिसताच कळ ओढून त्या टाक्या खाली सोडून द्यायच्या आणि पंखांतील पेट्रोलवर लढून घरी परतायचे. त्या टाक्या वेळेआधीच सोडायला लावल्या, तर संरक्षण अर्ध्या वाटेवर संपते, हे जर्मनही ओळखून होते.

वेगाचे म्हणाल, तर बॉम्बभार घेतलेले बॉम्बर उंचावर ताशी साधारण २०० मैलांच्या आसपास चालत आणि मस्टँगला एवढ्या वेगाने रेंगाळणे धोक्याचे होते, कारण अचानक हल्ला झाला तर वेग पकडायला वेळच मिळाला नसता. म्हणून लढाऊ विमाने बॉम्बरच्या वर काही हजार फुटांवर डावीकडून उजवीकडे आणि पुन्हा डावीकडे अशी नागमोडी वळणे घेत उडत. त्यामुळे त्यांचा स्वतःचा वेग कायम राही आणि पुढे सरकण्याचा वेग मात्र बॉम्बरइतकाच पडे. लांबच्या मोहिमांत एकच ग्रुप सारी वाट सोबत करत नसे. जाताना एक, लक्ष्यावर दुसरा आणि परतताना तिसरा, अशा पाळ्या ठरवलेल्या असत आणि कोणत्या रेखांशावर कोणाला कितव्या मिनिटाला भेटायचे, हे उड्डाणापूर्वी नकाशावर आखून दिलेले असे. ढगांमुळे किंवा वाऱ्यामुळे एक जण दहा मिनिटे उशिरा पोचला, तर मधल्या दहा मिनिटांत बॉम्बर उघडे पडत. मेमिंगेनला हवामानाने काय केले, ते वर आलेच आहे.

या ग्रुपची सर्वांत लांब मोहीम २४ मार्च १९४५ रोजी झाली. इटलीतील तळावरून आल्प्स ओलांडून बर्लिनला जायचे आणि परत यायचे, असा हा सुमारे १,६०० मैलांचा प्रवास होता. मुंबईहून दिल्लीला उडत जाऊन तसेच परत यावे, त्याहूनही हे अंतर जास्त भरते आणि तेही एका इंजिनाच्या विमानात, एकट्याने, तीव्र थंडीत, नाकातोंडाशी प्राणवायूचा मुखवटा लावून. डेव्हिस यांच्या विमानात बिघाड झाल्याने त्यांना वाटेतून परतावे लागले. लक्ष्य होते बर्लिनमधील डाइमलर-बेंझचा रणगाडा कारखाना आणि तेथे त्यांची गाठ पडली ती जर्मनीच्या मेसरश्मिट २६२ या जेट विमानांशी. मस्टँगपेक्षा ही जेट विमाने ताशी शंभर मैलांनी तरी वेगवान होती. रॉस्को ब्राउन, अर्ल लेन आणि चार्ल्स ब्रँटली यांनी प्रत्येकी एक जेट पाडले आणि या मोहिमेबद्दल ग्रुपला अमेरिकी लष्कराचे विशेष सन्मानपत्र मिळाले. काही बॉम्बर मात्र त्या दिवशी जर्मन विमानांना बळी पडले आणि ‘शिकागो डिफेंडर’मधील ती बातमी नेमकी त्याच तारखेची आहे.

प्रश्न : विमानांच्या शेपट्या लाल का रंगवल्या होत्या? लपण्याऐवजी उठून दिसण्यात काय शहाणपण? (इयत्ता नववीतील विद्यार्थी, गिरगाव)

उत्तर : वीस-पंचवीस हजार फुटांवर, निरभ्र आकाशात, शेकडो विमानांच्या जथ्यात लपण्याचा फारसा उपयोग नसतो, आपले विमान ओळखू येण्याचा मात्र फार असतो. दुरून पाहिले, तर मस्टँग आणि जर्मन मेसरश्मिट १०९ यांची आकृती सारखीच भासे आणि बॉम्बरमधील तोफचीला गोळी झाडावी की नाही, हे क्षणात ठरवावे लागे. म्हणून पंधराव्या वायुसेनेतील प्रत्येक ग्रुपने आपली खूण ठरवली होती. ३२५व्या ग्रुपच्या शेपट्यांवर पिवळ्या-काळ्या चौकटी होत्या, ३१व्याच्या तिरप्या लाल पट्ट्या होत्या, ५२व्याच्या पिवळ्या, तर ३३२व्याच्या संपूर्ण लाल होत्या.

प्रश्न : पाच किंवा अधिक विमाने पाडणाऱ्या वैमानिकाला ‘एस’ म्हणतात. या ग्रुपमध्ये असा एकही वैमानिक नव्हता, असे समजते. मग हा ग्रुप इतरांच्या तुलनेत दुय्यम ठरत नाही का? (एक महाविद्यालयीन विद्यार्थिनी, विलेपार्ले)

उत्तर : तुमची माहिती बरोबर आहे. ली आर्चर, जोसेफ एल्सबेरी आणि एडवर्ड टॉपिन्स या तिघांच्या नावावर प्रत्येकी चार विमाने आहेत, पाच कोणाच्याच नाहीत. टस्कीगीच्या वैमानिकांनी सगळ्या स्क्वॉड्रन मिळून हवेत ११२ विमाने पाडली आणि पंधराव्या वायुसेनेतील काही ग्रुपांचे आकडे याहून बरेच मोठे आहेत. पण दुय्यम ठरवण्यापूर्वी त्यांना काम कोणते सांगितले होते, हे पाहायला हवे.

बॉम्बरची राखण करण्याच्या दोन पद्धती होत्या आणि त्यांवर त्या काळी खरोखरच वाद होता. इंग्लंडमधून उडणाऱ्या अमेरिकेच्या आठव्या वायुसेनेची सूत्रे जानेवारी १९४४ मध्ये जेम्स डूलिटल यांच्याकडे आली, तेव्हा त्यांनी आपल्या लढाऊ वैमानिकांना मोकळे सोडले. बॉम्बरपाशी थांबू नका, जर्मन विमाने जेथे असतील तेथे जाऊन त्यांना पाडा, असा त्यांचा आदेश होता. बॉम्बरच्या वैमानिकांना हे मुळीच आवडले नाही, पण त्या वसंतात जर्मन वायुदलाचे कंबरडे मोडले आणि त्याचे मोठे श्रेय या धोरणाकडे जाते, हे नाकारता येणार नाही. डेव्हिस यांची शिस्त याच्या उलट होती. हल्ला करणाऱ्या विमानाला हुसकावून लावायचे आणि लगेच बॉम्बरपाशी परतायचे, पाठलाग करत दूर जायचे नाही, हे त्यांनी आपल्या वैमानिकांना पुन्हा पुन्हा बजावले होते. पळून जाणाऱ्या शत्रूमागे न जाणे हे वीस-बावीस वर्षांच्या तरुणाला किती कठीण गेले असेल, याचा विचार करा, कारण पाठलाग केला असता तर कदाचित पाचवे विमान नावावर लागले असते आणि घरच्या वर्तमानपत्रात छायाचित्रही आले असते. डूलिटल यांच्या धोरणाने युद्ध लवकर जिंकता आले, हे मान्य करूनही मी म्हणेन, की त्या दिवशी त्या आकाशात असलेल्या बॉम्बरमधील दहा माणसांना डेव्हिस यांची पद्धतच हवी होती. त्यामुळे या ग्रुपचे मोजमाप पाडलेल्या विमानांवरून करणे मला पटत नाही. ते करायचेच असेल, तर पहिल्या उत्तरातील दोन आकड्यांवरून करावे.

प्रश्न : माझे आजोबा मराठा पलटणीत होते आणि दुसऱ्या महायुद्धात इटलीत लढले, एवढेच घरात सांगितले जाते. त्यांचा आणि या वैमानिकांचा कोठे संबंध आला असेल का? आपल्या लोकांपैकी कोणी अशी बॉम्बरची राखण केली होती का? (एक वाचक, लालबाग)

उत्तर : दुसऱ्या भागाचे उत्तर आधी देतो. १९४० मध्ये ब्रिटनला गेलेल्या भारतीय वैमानिकांच्या तुकडीतील महिंदर सिंग पुज्जी यांनी १९४१ मध्ये हरिकेन विमानातून इंग्लिश खाडीपलीकडे फ्रान्सवर जाणाऱ्या बॉम्बरना सोबत केली होती. ब्रह्मदेशाच्या आघाडीवर भारतीय वायुदलाची कामगिरी मोठी असली, तरी तिचे स्वरूप निराळे होते. अर्जन सिंग यांच्या नेतृत्वाखाली पहिल्या स्क्वॉड्रनने इम्फाळला केलेले काम मुख्यतः टेहळणीचे आणि जमिनीवरील सैन्याला साहाय्य करण्याचे होते. आपल्या भूमीवरून लांब पल्ल्याची राखण केली ती प्रामुख्याने अमेरिकी विमानांनी. नोव्हेंबर १९४३ मध्ये बंगालमधील तळांवरून रंगूनवर गेलेल्या बॉम्बरबरोबर मस्टँग आणि लाइटनिंग विमाने होती.

आता आजोबांविषयी. संबंध निश्चितच येऊ शकतो, आणि तो एकाच नव्हे तर दोन प्रसंगी. नोव्हेंबर १९४३ च्या अखेरीस आठव्या भारतीय डिव्हिजनने आड्रिॲटिक किनाऱ्याजवळ सांग्रो नदी ओलांडली. मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली बटालियन याच डिव्हिजनमध्ये होती. त्या लढाईत जर्मन ठाण्यांवर हवाई मारा करणाऱ्या विमानांत टस्कीगीच्या ९९व्या स्क्वॉड्रनची पी-४० विमानेही होती. ३३२व्या ग्रुपचा रामितेल्ली येथील तळही याच किनाऱ्यावर, सांग्रोच्या दक्षिणेला होता. दुसरा प्रसंग ९ एप्रिल १९४५ चा. त्या दुपारी पंधराव्या वायुसेनेच्या अवजड बॉम्बरनी सेनिओ नदीच्या आघाडीवरील जर्मन फळीवर प्रचंड बॉम्बवर्षाव केला आणि त्यानंतर पहिल्या मराठा बटालियनने नदी ओलांडली. नामदेव जाधव यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला तो त्याच दिवशीच्या पराक्रमाबद्दल. माणगाव तालुक्यातील यशवंत घाडगे यांनी १० जुलै १९४४ रोजी टायबरच्या वरच्या खोऱ्यात प्राण दिले आणि त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ते मात्र तिसऱ्या बटालियनचे होते आणि ती बटालियन दहाव्या भारतीय डिव्हिजनबरोबर लढत होती.

म्हणून तुमच्या आजोबांची बटालियन कोणती, यावर सारे अवलंबून आहे. घरात त्यांचे सेवापुस्तक, निवृत्तिवेतनाचे कागद किंवा पदके असतील, तर त्यांवर सैनिक क्रमांक आणि बहुधा पलटणीचे नावही सापडेल, कारण ब्रिटिश काळातील काही पदकांच्या कडेवर ते कोरलेले असे. कागद मिळाल्यास बेळगाव येथील मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या रेजिमेंटल सेंटरकडे लेखी चौकशी करावी. बटालियन आणि वर्ष कळल्यास आम्हालाही कळवा, म्हणजे त्या बटालियनच्या हालचालींविषयी पुढील एखाद्या अंकात सविस्तर लिहिता येईल.